बुडबुड्याबाहेरचा डाव

टीव्हीवरच्या खेळांबद्दल मी लोकांना सल्ला देते, असं माहेरी नातेपुत्याला कुणाला सांगितलं तर हसून हसून त्यांचं पोट दुखेल. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाहुणे आले की मी चहा बाहेर पाठवते आणि कोण आलंय ते आवाजावरून ओळखते. फोन वाजला तर जवळ असेल त्याच्या हातात देते. आणि आता माझाच आवाज कुठल्या कुठल्या घरांत ऐकू जातो. तोंड दिसत नाही, नाव कळत नाही, एवढ्या अटीवर मी तयार झाले.

हे सगळं सुनेमुळं. सून अक्कलकोटकडची, शिकलेली. घरात बसून कंपनीचं काम करते आणि उरलेल्या वेळात खेळांचे व्हिडिओ करते. ती लहान असताना टीव्हीला डबा जोडून जसे खेळ खेळायची, तशाच धाटणीचे खेळ आता नव्यानं निघतात आणि नव्या कन्सोलवर चालतात. त्यातली माणसं, झाडं, ढग, सगळं बारीक बारीक चौकोनांचं असतं. चादरीवरच्या मोराची मान कशी पायऱ्यापायऱ्यांनी वर जाते, तसं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हटलं, "हे तर मागावर विणलंय की." सुनेनं ते वाक्य लगेच व्हिडिओत घातलं.

खेळ कसा आहे हे सांगताना इतर लोक चांदण्या देतात म्हणे. ही कडक भाकऱ्या देते. पाच भाकऱ्या म्हणजे डोळे मिटून घ्या, दोन म्हणजे नका घेऊ. सोबत शेंगाची चटणी दिली तर समजायचं की एका टीव्हीवर दोघांना मिळून खेळता येतो. तिला विचारणारे सगळे घरसंसारातले. त्यांचे प्रश्न दोनच. हा खेळ घरात सगळ्यांसमोर लावण्यासारखा आहे का? आणि आमच्या आईला जमेल का?

आधी तिची एक मैत्रीण जोडीला बसायची. ती लग्न होऊन पुण्याला गेली. माझा मुलगा चिंचोळीच्या कारखान्यात पाळीवर जातो आणि घरी आला की झोपतो. राहिले मी.

"आत्या, नुसतं धरून बसा," सून म्हणाली. ती मला आत्या म्हणते आणि सासऱ्याला मामा. "तुमचा माणूस जागेवर उभा राहिला तरी चालंल."

"उभं राहायला काय लागतंय," मी म्हटलं आणि कंट्रोलर हातात घेतला. तव्यावरची भाकरी धरावी तसा, बोटांच्या टोकांनी.

उभं राहायलाही लागतं, हे नंतर कळलं. दोघांच्या खेळात दोघांनी बरोबर पुढं जायचं असतं. एक मागं राहिला की पडदा त्याला ढकलत नेतो आणि खड्ड्यात पाडतो. मी मात्र सवयीनं मागं.

"आत्या, चला की पुढं!"

"तू हो. मी हाय मागं."

"मागं राहू नका, मागं राहिलं की मरतंय माणूस!"

पुढं एका वाड्याच्या दाराशी दोघी पोचलो. दार अरुंद, एका वेळी एकीनंच आत जायचं. मी म्हटलं तू हो आधी. ती म्हणाली तुम्ही मोठ्या, तुम्ही व्हा. मी म्हटलं अगं जा, मी आले. असं करता करता वेळ संपला आणि दोघी दारातच गेलो. ती म्हणाली, "हा खेळ सासू-सुनांसाठी केलेलाच न्हाई."

आणखी एकदा दूध उतू जाण्याच्या बेतात होतं. मी मूठ ओठांना लावली, "टाइमप्लीज" म्हटलं आणि उठून गेले. दूध उतरवून आले तर माझ्या माणसाला वटवाघळानं खाल्लेलं.

"असं कसं? मी टाइमप्लीज घेतली होती की!"

सून कॉटवर आडवी होऊन हसत होती. पण तेव्हापासून प्रत्येक खेळात ती बघते, टाइमप्लीज मिळते का, कुठल्या बटणावर मिळते, आणि परत आल्यावर खेळ होता तिथंच असतो की पहिल्यापासून सुरू होतो. काही जुन्या धाटणीचे खेळ भारी खडूस. अर्धा तास खेळा, एक चूक करा, की जा परत दारात. अशा खेळाला ती सांगते, "गॅसवर काही ठेवलं असेल तर हा लावू नका." अक्षरं केवढी आहेत, न वाचता चित्रावरून कळतं का, संगीत डोक्यात बसतं की डोक्यात जातं, हेही ती मला विचारून घालायला लागली. आणि मग तिनं व्हिडिओच्या शेवटी एक भागच सुरू केला, सासूबाईंची कसोटी. पहिला टप्पा सासूबाईंनी आपला आपण पार केला तर खेळ घरात लावायला हरकत नाही. त्या भागात माझं बोलणं म्हणजे "अगं बाई", "गेलं की" आणि "मुडदा बशिवला तुझा", एवढंच. मुद्दाम माइककडं बघून मी कधी बोलले नव्हते.

मग तो बदकांचा खेळ आला.

एक मुलगी संध्याकाळच्या आत बदकं घेऊन घरी निघालेली. वाटेत डबकी, ओढे, पाणचक्क्या. पाण्यावर तरंगत्या फळ्यांवरून उड्या मारत जायचं, आणि बदकं आपली ओळीनं मागं. वरून बगळा झडप घालतो. जोडीला दुसरी मुलगी, ती सुनेची. रंग इतके देखणे की मला आधी खेळायचंच सुचेना. पाण्यात पडलेला उजेडही चौकोनाचौकोनांचा, आणि तो हलतो! संगीत पिपाणीसारखं. मी म्हटलं, "हे आवडलं मला."

आणि मला तो जमला. फळी हुकली तरी माझी मुलगी पाण्यातून टुणकन वर यायची. बगळा यायचा आणि माझ्या बदकांना न शिवता निघून जायचा. मला वाटलं, आता आपला हात बसला. पहिला टप्पा पार, दुसरा पार, तिसराही. सुनेची मुलगी मधेमधे बुडत होती आणि मी तिला सांगत होते, "घाई करू नको गं. माझ्याकडं बघ, कशी जातीय." सून हसत होती. शेवटी तिनं माइकवर सांगून टाकलं, "मंडळी, सासूबाईंनी पहिल्या फटक्यात पार केलाय. कुणीही खेळू शकतंय. पाच भाकऱ्या, वर चटणी." रविवारी सकाळी व्हिडिओ टाकायचं ठरलं.

त्या दिवशी मी पिठलं करताना पिपाणीचं संगीत गुणगुणत होते. माझे मालक दारात येऊन उभे राहिले. मालक करकंबचे. जन्म सोलापुरात काढला, पण बोलणं गावचंच राहिलं. आम्ही खेळत असताना ते खुर्चीत पेपर उघडून बसतात आणि पेपरवरून बघत असतात.

"लई खुशीत हाय आज."

"मग? तीन टप्पे पार केले. बघितलं न्हाई का?"

"बघितलं की. पर मला एक सांग. तुझ्या पोरीभवती बुडबुडा हुता. सुनंच्या पोरीभवती न्हवता. ते का?"

मी झारा थांबवला. खरंच होता. फिकट, साबणाच्या फुग्यासारखा. मला वाटलं होतं, माझी मुलगी ओळखू यावी म्हणून तो असेल.

"अगं, तू मरतच न्हाईस की," मालक म्हणाले आणि पोटभर हसले. "तुला लिंबूटिंबू केलंय!"

पिठलं खाली लागलं ते लागलंच.

लिंबूटिंबू कोण हे आमच्याकडं पोराटोरांना सांगावं लागत नाही. सगळ्यांत लहान, धड पळता न येणारं पोर खेळात घ्यायचं, पण त्याला बाद करायचं नाही आणि त्याच्यावर राज्यही आणायचं नाही. चुलत-मावस मिळून आम्ही दहाबाराजण होतो आणि मी सगळ्यांत धाकटी. लंगडी असो, लपंडाव असो, मला कुणी कधी बाद केलं नाही. मला वाटायचं मी पळते भारी. लपते तर अशी, की कुणाला सापडतच नाही. एकदा मी हट्ट धरला की आता राज्य माझ्यावर घ्या. तेव्हा सगळी पोरं एकमेकांकडं बघून फिसफिसली आणि चुलत बहिणीनं सांगितलं, "अगं, तू लिंबूटिंबू हायस. तुला समदे सोडत्यात." फार काही झालं नाही. मी घरात गेले आणि आईला शेंगा फोडू लागले. नंतर ते बोलावत, पण मी कडेला बसून बघायचे.

सुनेनं वाईट म्हणून काही केलं नव्हतं, हे मला त्याच क्षणी माहीत होतं. पण मला खुपत होतं ते दुसरंच. ते आधी माझं मलाच नीट सांगता येईना. रात्रीची भांडी घासताना सापडलं. पाच भाकऱ्या, कुणीही खेळू शकतंय. रविवारी हे कुठल्यातरी घरात कुणीतरी ऐकणार आणि आपल्या आईला म्हणणार, बस, सोलापूरच्या सासूबाईंनी पहिल्या फटक्यात पार केलाय. ती बसणार. तिला बुडबुडा नसणार. पहिल्याच डबक्यात ती बुडणार, मग परत बुडणार, आणि म्हणणार, तिला जमलं, मलाच मेलीला जमत नाही. कंट्रोलर ठेवून ती आत निघून जाईल आणि पुन्हा बाहेर येणार नाही. मला ती बाई अगदी दिसत होती.

सुनेला सांगायला हवं होतं. आणि मी तर भाजीवाल्यालासुद्धा कधी म्हटलं नाही की भेंडी जून आहे.

शनिवारी दुपारी सून व्हिडिओ जोडत बसली होती. मी तिच्या मागं दोनदा जाऊन आले. एकदा पाणी ठेवलं, एकदा शेंगा ठेवल्या. तिसऱ्यांदा काही ठेवायला उरलं नाही.

"अगं, पाच भाकऱ्या जास्त हुतील."

"का आत्या? तुम्हाला तर लई आवडला की खेळ."

"आवडला. पण तो मी न्हाई पार केला. बुडबुड्यानं केला."

तिनं कानातला हेडफोन काढून ठेवला. "अय्यो," ती म्हणाली. आणखी काही कानडीत पुटपुटली. ते तिचं तिच्याशीच असतं. मग म्हणाली, "मामांनी सांगितलं का?"

"त्यांनी सांगितलं, पर खरं हाय का न्हाई?"

"खरं हाय." ती खाली बघायला लागली. "मागच्या खेळात तुम्ही सारखं पडत होता, आठवतंय? मग तुम्ही चार दिवस हात लावला न्हाई कंट्रोलरला. मला वाटलं, ह्या वेळी तरी तुम्ही हसत उठावं. सेटिंगमधी हाय ते, छत्रीचं चित्र. दाबलं की बुडबुडा येतो."

"मग मला सांगून दाबायचंस. घेतला असता, न्हाईतर नसता घेतला." माझा आवाज चढला होता. माझा मलाच तो नवा वाटला. मग मी त्या दुसऱ्या बाईचं सांगितलं, डबक्यात बुडून आत निघून जाणारीचं. सांगितलं सगळं.

सुनेला तिच्या भाकऱ्यांचा फार अभिमान. आजवर एकही भाकरी खोटी दिली नाही, असं ती नेहमी म्हणते. मला वाटलं, रडते की काय. पण तिनं जोडलेला भाग काढून टाकला आणि उठली.

"चला. परत करायचं. पण आत्या, बुडबुड्याचं तुम्ही सांगायचं लोकांना. तुमच्या तोंडानं."

"मी? मला न्हाई जमायचं बाई."

"मग रविवारी व्हिडिओ न्हाई. लोक विचारतील तर म्हणीन, सासूबाई रुसल्या."

हे मात्र तिनं हसून म्हटलं.

आम्ही टीव्हीसमोर बसलो. छत्रीचं चित्र तिनं मला दाखवलं आणि माझ्याच हातानं बंद करायला लावलं. माइकचा लाल दिवा लागला. कॅमेरा नव्हता तरी मी पदर डोक्यावर घेतला. मालक पेपर घेऊन आले.

"कुकरवानी का बसलीस? शिट्टी हुणार हाय का आता?"

"गप बसा की तुम्ही. आवाज येतोय."

खेळ सुरू झाला आणि पहिल्याच फळीवर मी बुडाले. बदकं क्वॅक क्वॅक करत गोल फिरली आणि तीही गेली. परत सुरू. परत बुडाले. बुडबुडा होता तेव्हा मी फळीकडं कधी नीट बघितलंच नव्हतं. ती पाण्यात झुलते, आणि झुलून वर येते तेव्हाच उडी मारायची, हे आत्ता कळत होतं. एकदा डबकं पार झालं आणि मी ओरडले, तेवढ्यात बगळ्यानं शेवटचं बदक उचललं. मी त्या बगळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यातलं बरंचसं सुनेला नंतर कापावं लागलं. मालक मोठमोठ्यानं हसत होते, सून हसत होती, आणि गंमत म्हणजे मीही. चार दिवस रुसून बसावं असं काही वाटलंच नाही. पडत होते ती मी पडत होते. त्यात कुणाचा डोळा मिचकावलेला नव्हता.

पहिला टप्पा काही पार झाला नाही. पाणचक्कीपर्यंत पोचले आणि चक्कीच्या पात्यानं मला पार पलीकडं फेकलं. सुनेनं टाइमप्लीजचं बटण दाबलं आणि माइक माझ्यापुढं सरकवला.

मी टीव्हीवरच्या थांबलेल्या पाण्याकडं बघत बोलले. काय बोलले ते सुनेनं नंतर मला ऐकवलं, म्हणून इथं लिहिता येतंय. "मी सासूबाई बोलतीय. खेळ छान हाय. पाणी तर लईच छान. पण मला जमला न्हाई. आधी जमला होता, तेव्हा मला बुडबुडा दिला होता, त्यात माणूस बुडत न्हाई. सेटिंगमधी छत्रीचं चित्र हाय, तिथं तो मिळतो. कुणाला पाहिजे तर जरूर घ्या, त्यात काही कमीपणा न्हाई. पण घरात कुणाला देणार असाल तर त्याला सांगून द्या. आणि पहिल्या डबक्यात बुडालात तर उठून जाऊ नका. मी पण तिथंच बुडलीय."

मागं मालकांनी पेपरची घडी घातली.

सून म्हणाली, "साडेतीन भाकऱ्या. चटणीसकट." आणि लाल दिवा बंद केला.

व्हिडिओ रविवारी गेला. खाली लोकांनी पुष्कळ लिहिलं, सून वाचून दाखवत होती. एकानं लिहिलं, सुनेनं सासूच्या दीड भाकऱ्या कापल्या. एकीनं बगळ्याला मी काय म्हटलं ते पूर्ण ऐकवा म्हणून आग्रह धरला. आणि कुठल्या तरी एका मुलीनं लिहिलं होतं की तिच्या आईला तिनं बुडबुडा सांगून दिला. आई म्हणाली, आधी बिनबुडबुड्याचं बघू, आणि दुपारभर बुडत बसली. स्वयंपाक मुलीला करावा लागला. ते मी सुनेला दोनदा वाचायला लावलं.

आता सून कामात असली तरी मी माझी मी खेळते. टीव्ही लावता येतो, कन्सोल लावता येतो. चक्कीचं पातं चुकवायचं जमायला लागलंय, एखाद्या दिवशी जमतं आणि एखाद्या दिवशी चार बदकं घालवून बसते.

परवा मालकांनी पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आण हिकडं. त्यात काय येवढं. म्या लहानपनी नदीत म्हशी घातल्यात, बदकं काय चीज हाय."

मी दुसरा कंट्रोलर दिला. पहिल्या फळीवर ते बुडाले. म्हणाले, बटण खराब हाय. परत बुडाले. म्हणाले, तू मधे मधे येतीस. मग बगळ्यानं त्यांची सगळी बदकं ओळीनं नेली आणि ते खुर्चीत पुढं सरकून बसले. चष्मा पुसला, परत बुडाले. सून दारात येऊन उभी होती, तोंडाला ओढणी लावून.

शेवटी त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि मला म्हणाले, "ते बुडबुड्याचं कुटं असतंय गं?"

"व्हिडिओत सांगितलंय की मी. बघितला न्हाई का?"

"बघितला. तवा मी तुला हसत हुतो, ध्यान कुटं हुतं?"

"मग म्हणा सुनंपुढं, मला बुडबुडा पाहिजे म्हणून."

"म्हनतो की. त्यात काय लाज." आणि खरंच मोठ्यानं म्हणाले, "सूनबाई, म्हाताऱ्याला बुडबुडा द्या!"

मी छत्रीचं चित्र काढून त्यांच्यासाठी दाबलं. माझ्या मुलीला तसंच ठेवलं. मालक बुडबुड्यातून थेट पलीकडच्या काठाला गेले आणि तिथून हात करून ओरडले, "ये की लवकर! मागं का राहतीस?"

"आले, आले," मी म्हटलं, आणि फळी वर यायची वाट बघत उभी राहिले.